परवाना, प्रवेश आणि अहवाल

भारतीय संसदेने २००० साली मंजूर केलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व्या कलमात जी कृत्ये मोजून सांगितली आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, त्यातील माहितीची नक्कल करून घेणे, त्याच्या कामकाजात व्यत्यय आणणे इत्यादी, त्या सर्वांना एकच अट लावलेली आहे, आणि ती अशी की ही कृत्ये संगणकाच्या मालकाच्या अथवा त्याचा कारभार पाहणाराच्या परवानगीवाचून केलेली असली पाहिजेत. अशी कृत्ये कपटाने वा अप्रामाणिक हेतूने झाली असतील तर ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. परंतु तीच कृत्ये, त्याच साधनांनी आणि त्याच क्रमाने, किंबहुना कळफलकावर तीच अक्षरे दाबून, परंतु मालकाच्या लेखी परवान्याने केली, तर तो एक प्रतिष्ठित व्यवसाय ठरतो, त्याबद्दल दरमहा वेतन मिळते, आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती त्यासाठी रीतसर निविदा काढतात. या व्यवसायाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. त्यात वावरणारी मंडळी त्याचा उल्लेख ‘पेनटेस्टिंग’ असा करतात.

चित्रपटांनी या कामाचे जे चित्र रंगविले आहे त्यात सारे लक्ष मधल्या क्षणावर, म्हणजे कुलूप तुटण्याच्या क्षणावर, खिळलेले असते. वस्तुतः तो क्षण दोन कागदांच्या मध्ये बसविलेला असतो. आरंभीचा कागद परवान्याचा: कोणत्या संगणकाची, किती दिवस, कोणत्या हद्दीपर्यंत आणि कोणाच्या हुकुमाने तपासणी करावयाची हे त्यात नमूद असते. अखेरचा कागद अहवालाचा: काय सापडले, कसे सापडले आणि ते कसे दुरुस्त करावे हे त्यात लिहिलेले असते. या दोन कागदांपैकी एकही गळाला तर मधल्या कौशल्याची किंमत शून्य होते, किंवा त्याहूनही वाईट, त्याचा गुन्हा होतो. नवशिक्यांसाठी मुद्दाम दुबळी ठेवलेली जी सरावयंत्रे आज जगभर उपलब्ध आहेत त्यांच्यापैकी एकाची हकीकत सविस्तर सांगितली, तर ही गोष्ट कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होईल, असे वाटते.

दुसऱ्याच्या कुलपाची परीक्षा ते उघडून घ्यावी ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावर ब्रॅमा नामक कुलूपकाराच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत एक कुलूप कित्येक दशके टांगलेले होते, आणि ते उपकरणांनी उघडून दाखविणारास २०० गिनींचे इनाम जाहीर केलेले होते. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेला आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन कारागीर पुढे झाला, त्याने आव्हान स्वीकारले, आणि सोळा दिवसांत विभागलेल्या एकूण ५१ तासांच्या परिश्रमानंतर ते कुलूप उघडून दाखविले. या प्रसंगातील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हा, की काम सुरू होण्यापूर्वी मध्यस्थ नेमले गेले होते, तीस दिवसांची मुदत ठरली होती, आणि काम संपल्यावर मध्यस्थांनी आपला निर्णय लेखी दिला. असल्या युक्त्यांची जाहीर चर्चा झाल्याने चोरांचे फावेल अशी ओरड त्या वेळीही झालीच. तिला चार्ल्स टॉमलिन्सन यांनी १८५३ च्या आपल्या कुलूपविषयक ग्रंथात उत्तर दिले, आणि त्याचा आशय असा होता की चोरांना त्यांचा धंदा आधीपासूनच चांगला अवगत असतो, अज्ञानात राहतो तो बिचारा गिऱ्हाईक.

संगणकाच्या बाबतीत हीच परंपरा अमेरिकेच्या लष्करी खात्यांत रुजली. एकाच संगणकावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागल्यावर एकाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या हाती पडण्याचे भय निर्माण झाले, आणि ते किती खरे आहे हे अजमावण्यासाठी ‘टायगर टीम’ या नावाने ओळखली जाणारी पथके नेमली जाऊ लागली. अमेरिकन हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली जो अहवाल लिहिला त्यात अशा तपासणीची पद्धतशीर मांडणी आहे. १९७४ साली पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स ही त्या काळची अत्यंत सुरक्षित गणली गेलेली प्रणाली तपासून तिच्यातील दोषांची यादीच सादर केली. पुढे १९९३ मध्ये डॅन फार्मर आणि वीत्से व्हेनेमा यांनी आपल्या ताब्यातील यंत्रणेत स्वतःच घुसून तिची सुरक्षितता कशी वाढवावी, या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला, आणि लष्कराच्या दफ्तरात अडकलेली ही विद्या सामान्य व्यवस्थापकांच्या हाती आली.

विद्या हाती आली तरी तिचा सराव कोठे करावा हा प्रश्न उरलाच. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनगृह मिळते, वकिलाला अभिरूप न्यायालय मिळते. पण संगणकात शिरण्याची कला शिकणाऱ्या तरुणाला दुसऱ्याचा संगणक वापरून पाहण्याची मुभा कोण देणार? ही अडचण सरावयंत्रांनी दूर केली. रॅपिड-सेव्हन या कंपनीने मेटास्प्लॉइटेबल नावाचे एक जाणूनबुजून सदोष ठेवलेले यंत्र विनामूल्य वाटावयास सुरुवात केली, आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१२ साली निघाली. त्याच वर्षी व्हल्नहब या संग्रहाचा आरंभ झाला. २०१७ मध्ये हॅक द बॉक्स आणि २०१८ मध्ये ट्रायहॅकमी या संस्था निघाल्या. यातील यंत्र म्हणजे हाताने उचलता येईल अशी वस्तू नव्हे, तर एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला आभासी संगणक होय. तो बिघडला तर क्षणार्धात पूर्ववत करता येतो, त्याच्यात कोणाचेही खरे गुपित नसते, आणि त्याच्या मालकाचा परवाना तर प्रवेशाच्या अटींतच लिहिलेला असतो.

हॅक द बॉक्सचे अगदी पहिले यंत्र १४ मार्च २०१७ रोजी खुले झाले. त्याचे नाव ‘लेम’. या संस्थेचा एक शिरस्ता असा आहे की एखादे यंत्र चालू असेतोवर त्याची उकल कोणी प्रसिद्ध करावयाची नाही, आणि ते निवृत्त झाल्यावर मात्र वाटेल त्याने लिहावे; लेम २०१७ मध्येच निवृत्त झाले असल्यामुळे त्याचे मर्म येथे सांगितल्याने कोणाचा विरस होण्याचे भय नाही. शिकणारा आपल्या संगणकावर बहुधा काली लिनक्स ही प्रणाली चालवितो. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या संस्थेने ती २०१३ साली प्रसिद्ध केली असून तपासणीची शेकडो साधने तिच्यात एकत्र बांधलेली आहेत. एका खाजगी जोडणीने तो संस्थेच्या बंदिस्त जाळ्यात प्रवेश करतो, आणि त्याच्या हाती यंत्राचा पत्ता ठेवला जातो; लेमचा मूळ पत्ता १०.१०.१०.३ असा होता. आत कोणत्या सेवा चालतात आणि त्या किती जुन्या आहेत, याविषयी एक अक्षरही सांगितलेले नसते.

पहिले काम पाहणीचे. संगणक हा एखाद्या मामलेदार कचेरीसारखा असतो असे समजले, तर तिच्या प्रत्येक खिडकीवर वेगळे काम चालते, खिडक्यांना क्रमांक दिलेले असतात, आणि त्यांतील बहुतेक बंद असतात. या खिडक्यांना संगणकाच्या भाषेत पोर्ट म्हणतात, आणि त्यांची संख्या ६५,५३५ इतकी असते. प्रत्येक खिडकी ठोठावून कोणती उघडी आहे आणि आत कोण बसला आहे हे विचारणारे साधन म्हणजे एनमॅप. फ्योदोर या टोपणनावाने ओळखले जाणारे गॉर्डन लायन यांनी ते १ सप्टेंबर १९९७ रोजी फ्रॅक या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि आजही या व्यवसायाचा श्रीगणेशा त्यानेच होतो. लेमच्या बाबतीत पहिलाच धडा येथे मिळतो. एनमॅप आधी यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी हाक मारते. लेमला अशा हाकेस उत्तर न देण्याची सूचना दिलेली असल्यामुळे एनमॅप यंत्र बंद दिसते असे सांगून मोकळे होते. शिकणाराने तो निष्कर्ष मुकाट्याने स्वीकारला तर तपास तेथेच संपला. यंत्र जिवंत आहे असे गृहीत धरून पुढे चल, असे त्याने एनमॅपला बजावले, म्हणजे चार खिडक्या उघड्या सापडतात: २१, २२, १३९ आणि ४४५.

त्याच पाहणीत प्रत्येक खिडकीवर बसलेल्या कारकुनाचे नाव आणि आवृत्तीही कळते. २१ क्रमांकावर फायलींची देवघेव करणारा व्हीएसएफटीपीडी, आवृत्ती २.३.४, २२ वर दुरून संगणक चालविण्याची सोय करणारा ओपनएसएसएच, १३९ आणि ४४५ वर साम्बा, आवृत्ती ३.०.२०. आता हातोडा उचलण्याची वेळ नसते, तर दफ्तर चाळण्याची असते. सॉफ्टवेअरमधील जाहीर झालेल्या दोषांची सीव्हीई या नावाची एक नोंदवही १९९९ पासून ठेवली जात आहे. तिच्यात प्रत्येक दोषाला सालवार क्रमांक मिळतो, आणि कोणत्या आवृत्तीत तो आहे व कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला याची नोंद असते. नवशिक्याचा बहुतेक वेळ या वाचनात जातो, आणि तो वाया जातो असे समजणे ही मोठी चूक होय, कारण समोर दिसणारी आवृत्ती आणि नोंदवहीतील दोष यांची रुजवात घालणे हेच या कामाचे बौद्धिक अंग आहे.

व्हीएसएफटीपीडीच्या नावातच अत्यंत सुरक्षित असल्याचा दावा आहे, आणि त्याचे कर्ते ख्रिस इव्हान्स हे सुरक्षिततेच्या क्षेत्रातील नाणावलेले तज्ज्ञ, तरीही २.३.४ ही आवृत्ती वाचताच जाणत्यांचे कान टवकारतात. २०११ च्या जून महिन्याच्या अखेरीस कोणा अज्ञात इसमाने या सॉफ्टवेअरच्या मूळ वितरणस्थळावरील प्रत बदलून तेथे स्वतःची प्रत ठेवली. तिच्यात एक चोरवाट होती: आपले वापरकर्तानाव सांगताना शेवटी अपूर्णविराम (कोलन) आणि उजवा कंस यांनी बनणारे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह लिहिले की संगणकावर ६२०० क्रमांकाचे पोर्ट उघडत असे आणि येणाराच्या हाती संपूर्ण सत्ता पडत असे. ३ जुलै २०११ रोजी हा प्रकार उघडकीस आला. मूळ प्रतीवर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी होती आणि बदललेल्या प्रतीशी ती जुळत नव्हती; म्हणजे प्रत उतरवून घेणाऱ्या ज्याने कोणी स्वाक्षरी पडताळून पाहिली असेल तो फसला नसता.

नवशिक्याला ही हकीकत वाचून आपण जिंकलो असे वाटते. तो हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह पाठवितो, ६२०० कडे धाव घेतो, आणि तेथे त्याला कोणीच भेटत नाही. येथे दोन अनुमाने संभवतात. घाईचे अनुमान असे, की लेममध्ये हा दोष नाहीच. खरे उत्तर निराळे आहे. यंत्र दुसऱ्या मार्गाने हस्तगत केल्यावर आतून पाहिले असता दिसते की दोष तेथे आहे, चिन्ह मिळताच ६२०० उघडतेही, परंतु यंत्राच्या फायरवॉलने, म्हणजे येणाजाणाऱ्या संदेशांवरील पहाऱ्याने, बाहेरून येणाऱ्याला तो मार्ग बंद केलेला आहे. दोष नसणे आणि दोषापर्यंतची वाट अडविलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, कारण फायरवॉलचा एखादा नियम उद्या कोणी बदलला तर परवा तीच वाट मोकळी होईल. आक्रमकाच्या दृष्टीने हा फरक निरर्थक आहे, त्याला फक्त आत जावयाचे असते. परंतु ज्याला अखेरीस अहवाल लिहावयाचा आहे त्याला तो नमूद केल्यावाचून गत्यंतर नाही.

आता साम्बा. विंडोज संगणक आपापसांत फायली वाटून घेण्यासाठी जो शिष्टाचार वापरतात तो इतर प्रणालींनाही बोलता यावा म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास जे काम सुरू केले त्यातून साम्बा निर्माण झाला, आणि जगभरच्या कार्यालयांत तो पसरला. २००७ च्या मे महिन्यात त्याच्या काही आवृत्त्यांत एक दोष जाहीर झाला. नोंदवहीत तो सीव्हीई-२००७-२४४७ या क्रमांकाने आहे. साम्बात एक ऐच्छिक सोय अशी होती की येणाऱ्या वापरकर्त्याचे नाव एका बाह्य आज्ञावलीकडे सोपवून त्याचे स्थानिक नाव शोधून काढावे. हे नाव पुढे सोपविताना त्यात नावाव्यतिरिक्त काही आहे काय, याची तपासणी होत नसे. सबब, ज्याने नावाच्या जागी विशिष्ट विरामचिन्हांत गुंफलेली आज्ञा लिहिली, त्याची आज्ञा संगणक इमानेइतबारे पाळीत असे, आणि तेही परवलीचा शब्द तपासण्यापूर्वीच. अर्जदाराच्या नावाच्या रकान्यात लिहिलेला मजकूर हुकूम म्हणून अंमलात यावा, असा हा प्रकार होता. माहिती आणि आज्ञा यांची सरमिसळ होणे हे संगणकाच्या दोषांचे एक फार मोठे कुळ आहे, आणि वेबसाइटवरील डेटाबेसवर होणारे प्रसिद्ध हल्लेही त्याच कुळातले.

लेमवर ही सोय चालू ठेवलेली आहे आणि ४४५ च्या वाटेत फायरवॉल नाही. आज्ञा पाठविली की यंत्र आपणहून शिकणाऱ्याच्या संगणकाशी संबंध जोडते, समोर एक लुकलुकणारी खूण येते, आणि ‘तू कोण?’ या अर्थाचा प्रश्न यंत्राला केला असता उत्तर येते: रूट. रूट म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी. साम्बाची मुख्य प्रक्रियाच सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालत असल्याने आत शिरणाराला वेगळी पायरी चढावी लागत नाही. सरावयंत्रात दोन फायली ठेवलेल्या असतात, एक साध्या वापरकर्त्याच्या घरात आणि दुसरी रूटच्या. प्रत्येकीत बत्तीस अक्षरांचा एक संकेत असतो, त्याला फ्लॅग म्हणतात, आणि तो संस्थेकडे सादर केला की यंत्र जिंकल्याची नोंद होते.

बहुतेक नवशिके येथेच थांबतात, आणि म्हणून लेममधील सर्वांत बोधप्रद भाग त्यांच्या दृष्टीआड राहतो. एनमॅप नेहमी वापरात असलेली हजार पोर्टे तपासून थांबते. सगळी ६५,५३५ तपासावयास सांगितली तर लेमवर आणखी एक खिडकी उघडी सापडते, ३६३२ क्रमांकाची. तेथे डिस्टसीसी नावाचे साधन बसलेले असते. मोठ्या आज्ञावलीच्या संकलनाचे काम अनेक संगणकांत वाटून देण्यासाठी ते निर्माण झाले, आणि कोणाकडून काम स्वीकारावयाचे हे बजावले नाही तर ते वाटेल त्याचे काम स्वीकारते. या वाटेने आत आलेल्याला मात्र रूटची सत्ता मिळत नाही. त्याला ‘डीमन’ या एका सामान्य सेवकाचा दर्जा मिळतो, आणि तेथून वर कसे चढावे हा नवा प्रश्न पडतो. शोध घेता कळते की लेमवर एनमॅपचीच एक जुनी प्रत ठेवलेली असून ती कोणीही चालविली तरी रूटच्या अधिकाराने चालावी अशी तिला सनद दिलेली आहे. त्या जुन्या आवृत्तीत संवादाने चालणारी एक सोय होती आणि तिच्यातून हव्या त्या आज्ञा देता येत असत. पाहणीसाठी आणलेले उपकरणच सत्तेची शिडी ठरते, आणि कोणत्याही प्रक्रियेला तिच्या कामापुरताच अधिकार असावा, हे पाठ्यपुस्तकातले नीरस तत्त्व प्रत्यक्ष अनुभवाला येते.

हे सारे जुने दोष आहेत, आज असे कोठे आढळणार, अशी शंका येथे रास्त आहे. पण ज्या दिवशी लेम खुले झाले त्याच दिवशी, १४ मार्च २०१७ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली, आणि तो दोष त्याच ४४५ क्रमांकावर चालणाऱ्या त्याच फायलींच्या शिष्टाचारातला होता. दुरुस्ती उपलब्ध होऊन तीन महिने उलटल्यावर, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनमध्ये नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला. मीडॉक या तेथील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वितरणस्थळी कोणीतरी शिरकाव करून त्याच्या अधिकृत सुधारणेतच विष कालवले होते, आणि एकदा आत आल्यावर तो प्रोग्रॅम चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी व विंडोजच्या त्या दोषाच्या साहाय्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या गेटवे टर्मिनलचे कामकाजही त्याच तडाख्यात ठप्प झाले. मर्स्कने पुढे सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. बदललेली प्रत आणि न बुजविलेले ४४५, ही लेममधील दोन्ही दुखणी युक्रेनपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंत एकाच दिवशी एकत्र भेटली, हे ध्यानात घेतले म्हणजे सरावयंत्राला खेळणे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आता पहिल्या कागदाकडे वळू. सरावयंत्राचा परवाना नवशिक्याला इतक्या सहजपणे मिळतो की परवाना मिळविणे हेही एक कौशल्य आहे याचा त्याला पत्ता लागत नाही. ११ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यात कोलफायर या कंपनीचे दोघे परीक्षक रात्री एका न्यायालयाच्या इमारतीत शिरले असता पकडले गेले. त्यांच्या जवळ परवान्याचे पत्र होते, राज्याच्या न्यायखात्याने त्यांना नेमलेही होते. परंतु इमारत राज्याची नव्हे, परगण्याची आहे, आणि तिच्यात शिरण्याचा परवाना देण्याचा अधिकार राज्याला नाही, अशी भूमिका स्थानिक शेरीफने घेतली. दोघांना कोठडीत राहावे लागले, आणि त्यांच्यावरील आरोप मागे घेतले जावयास २०२० चा जानेवारी उजाडला. परवाना हाती असणे पुरेसे नाही. तो देणारा त्या मालमत्तेचा खरोखर मुखत्यार आहे काय, आणि ज्याच्या हद्दीत काम चालावयाचे त्या सर्वांना त्याची वर्दी आहे काय, हे तपासून घेतले पाहिजे. आजकाल एका कंपनीची माहिती दुसरीच्या सर्व्हरवर आणि तिसरीच्या देखरेखीखाली असते, तेव्हा ही चौकशी अधिकच आवश्यक ठरते.

दुसरा कागद तर सरावयंत्रात जवळजवळ नसतोच. फ्लॅग सादर केला की खेळ संपतो. म्हणून ज्याला ही विद्या उपजीविकेसाठी शिकावयाची आहे त्याने पहिल्या यंत्रापासूनच स्वतःवर अहवालाची सक्ती करून घ्यावी. लेमचा अहवाल कसा असेल हे आता सहज सांगता येते. आरंभी एका परिच्छेदात, कोणतीही परिभाषा न वापरता, व्यवस्थापकाला कळेल असा सारांश. मग एकेक दोष: साम्बाची आवृत्ती जुनी असून ती ३.०.२५ च्या पुढे न्यावी आणि नाव सोपविण्याची ती सोय काढून टाकावी. डिस्टसीसीला ठराविक संगणकांकडूनच काम स्वीकारावयास सांगावे, आणि त्याची गरज नसेल तर ते बंद करावे. एनमॅपला दिलेला रूटचा अधिकार काढून घ्यावा. व्हीएसएफटीपीडी काढून स्वाक्षरी पडताळलेली प्रत बसवावी, जरी आज फायरवॉलमुळे त्या चोरवाटेपर्यंत पोहोचता येत नसले तरीही. प्रत्येक दोषापाशी तो कसा आढळला याचा क्रम आणि पुरावा, म्हणजे वाचणाऱ्या तंत्रज्ञाला तीच पावले टाकून त्याची खातरजमा करता येते. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटीच्या ओएससीपी या मान्यवर परीक्षेत यंत्रे सर करण्यास २३ तास ४५ मिनिटे मिळतात आणि त्यानंतर केवळ अहवालासाठी आणखी २४ तास दिले जातात, यावरून जाणत्यांनी या कागदाला काय किंमत दिली आहे ते उघड होते.

ज्या वाचकाला या वाटेने जाऊन पाहण्याची इच्छा होईल त्याला मोठ्या भांडवलाची गरज नाही. साधारण ८ जीबी स्मरणशक्तीचा संगणक, त्यात आभासी यंत्रे चालविणारे व्हर्च्युअलबॉक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर, एका यंत्रात काली आणि दुसऱ्यात मेटास्प्लॉइटेबलची दुसरी आवृत्ती, एवढ्यावर घरच्या घरी प्रयोगशाळा उभी राहते. लेममधील व्हीएसएफटीपीडी, साम्बा आणि डिस्टसीसी हे तिन्ही दोष तेथेही भेटतात. पथ्य मात्र कडकपणे पाळले पाहिजे: सदोष यंत्राची जोडणी ‘होस्ट-ओन्ली’ ठेवावी, म्हणजे ते इंटरनेटला किंवा घरातील इतर उपकरणांना दिसणार नाही, अन्यथा आपणच आपल्या घरात उघडी खिडकी करून ठेवल्यासारखे होईल. लिनक्सच्या प्राथमिक आज्ञा आणि संगणकांचे जाळे कसे चालते याचे ज्ञान आधी करून घेतलेले बरे, कारण तयार साधनाचे बटण दाबून मिळालेले यश साधनाचे असते. आणि अभ्यासाच्या उत्साहात महाविद्यालयाच्या, कचेरीच्या किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर नुसती पाहणी करून बघण्याचाही मोह होऊ देऊ नये. आपल्या देशात सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून काम करीत आहे. ती तपासणी करणाऱ्या संस्थांची अधिकृत यादी ठेवते आणि आढळलेल्या दोषांची वर्दीही स्वीकारते. ओघात कोठे दोष दिसला तर तो तेथे किंवा खुद्द मालकाला कळवावा, स्वतः आत शिरून सिद्ध करावयास जाऊ नये.

सरावयंत्राची एक मर्यादा मात्र कोणत्याही पथ्याने दूर होणारी नाही. लेममधील साम्बा कोणीही कधीही दुरुस्त करणार नाही. २०१७ साली जी आज्ञा चालली तीच आज येणाऱ्या विद्यार्थ्यालाही चालेल, आणि प्रत्येकाला विजयाची तीच खूण दिसेल. शिक्षणासाठी ही स्थिरता आवश्यक आहे. व्यवसायात मात्र अहवाल सादर झाल्यावर मालक दुरुस्त्या करतो, आणि काही आठवड्यांनी परीक्षकाला पुन्हा बोलावून त्याच वाटेने आत येऊन दाखविण्यास सांगतो. त्या दुसऱ्या खेपेस, आधी यशस्वी झालेली आज्ञा पाठविल्यावर यंत्राने ती नाकारली, तरच काम पुरे झाले असे लिहून देता येते. सरावात ज्या अपयशाने नवशिका हिरमुसतो तेच अपयश आपल्या अहवालाच्या शेवटच्या ओळीत समाधानाने नोंदविता येऊ लागले, की त्याचे शिक्षण संपून व्यवसाय सुरू झाला असे मानावयास हरकत नाही.